पाठीवरची चूल

२७ मे १९५२ च्या संध्याकाळी रेमंड लँबेर आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, सुमारे ८,४०० मीटर उंचीवर, एका लहानशा तंबूत शिरले. स्विस मोहिमेतल्या या दोघांकडे त्या रात्री झोपायच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. तहान भागवायला त्यांनी एका रिकाम्या डब्यात बर्फाचे तुकडे भरले आणि तो डबा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरला. रात्रभर एवढ्या खटाटोपातून मिळाले ते ओठ ओले होण्याइतके पाणी. दुसऱ्या दिवशी ते ८,६०० मीटरच्या जवळपास पोहोचले आणि तिथून मागे फिरले.

पुढच्याच वर्षी ब्रिटिश मोहीम त्याच वाटेने वर गेली. या मोहिमेचा शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू याने एक गोष्ट लावून धरली होती: उंचीवर माणसाने रोज तीन-चार लिटर द्रव पोटात घातलाच पाहिजे, आणि तेवढा बर्फ वितळवायचा तर चांगला स्टोव्ह आणि पुरेसे इंधन वर गेलेच पाहिजे. २८ मे १९५३ च्या रात्री साडेआठ हजार मीटरवरच्या तंबूत एडमंड हिलरी आणि तेनझिंग यांच्याजवळ प्रायमस होता. त्यांनी साखर घातलेले गरम लिंबूपाणी भरपूर प्यायले. पहाटे हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते, तेही त्याच स्टोव्हवर धरून मऊ केले. शिखराचे श्रेय स्टोव्हला देणे चूक ठरेल. स्विस जोडीची ऑक्सिजनची यंत्रेही नीट चालत नव्हती. तरी या दोन रात्री शेजारी ठेवून पाहिल्या की सॅकमधल्या त्या अर्ध्या-पाऊण किलोच्या ओझ्याची किंमत नेमकी कळते.

बर्फ वितळवणे हे फार खर्चिक काम आहे. एक किलो बर्फाचे नुसते पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे चहाचे आधण ठेवण्याआधीच जवळपास निम्मे इंधन संपलेले असते. रानावनात, डोंगरात, शिकारीच्या वाटेवर पाठीवर चूल घेऊन जाणाऱ्यांनी गेल्या दीडशे वर्षांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: सर्वांत हलका आणि सर्वांत स्वस्त स्टोव्ह कोणता? या प्रश्नाचे उत्तर दर वेळी स्टोव्हपेक्षा इंधनाने ठरवले. जिथे रस्ता संपतो तिथे कोणते इंधन मिळते, तिथली थंडी किती आणि मुक्काम किती दिवसांचा, यावर चूल बदलत गेली.

सुरुवातीला चूल न्यायचीच नसे. अमेरिकेतल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत भटकणारा जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा पेशाने चांभार, प्रकृतीने किरकोळ आणि वृत्तीने शिकारी. ‘नेसमक’ या टोपणनावाने त्याने लिहिलेले ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक १८८४ मध्ये आले. पाठीवरचे ओझे कमी करण्याचा ध्यास घेतलेला हा पहिल्या पिढीतला लेखक. त्याच्यासाठी बांधलेली एक होडी अवघी साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोहूनही हलकी होती. नेसमक शेकोटीवर रांधत असे. लाकूड फुकट आणि ते वाहून न्यायला नको. पण त्यासाठी कुऱ्हाड मात्र जवळ बाळगावी लागे. पाऊस पडला, झाडी संपली, बर्फाचा प्रदेश लागला की ही फुकटची चूल निकामी. उत्तर अमेरिकेतले शिकारी त्यावर उपाय म्हणून खेचरांच्या पाठीवर पत्र्याच्या घडीच्या चुली आणि जाड कापडाचे तंबू लादून नेत. ज्याच्याजवळ खेचर नाही, त्याला हा उपाय परवडणारा नव्हता.

खरा पालट स्टॉकहोममध्ये झाला. स्वीडनमध्ये तेव्हा कार्ल रिचर्ड न्यूबर्ग याने बनवलेला, धातूकामाला लागणारा ब्लो टॉर्च प्रचलित होता. त्यात इंधनाची वाफ करून ती बारीक छिद्रातून जोराने बाहेर सोडली जाई आणि ज्योत आडवी निघे. फ्रान्स विल्हेम लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने हीच ज्योत वर वळवली. टाकीत रॉकेल, बाजूला हातपंप, मधून वर जाणारी नळी आणि माथ्यावर बर्नर. बर्नर आधी तापवून घ्यायचा, मग पंप मारून रॉकेल वर चढवायचे; तापलेल्या नळ्यांत त्याची वाफ होते, ती हवेत मिसळते आणि निळ्या ज्योतीने जळते. वातीच्या दिव्यासारखी काजळी नाही, धूर नाही. १८९२ मध्ये ‘प्रायमस’ हे नाव बाजारात आले.

मराठी घरांना हे यंत्र वेगळे समजावून सांगायला नको. पितळी टाकीचा, तीन पायांचा, भर्र आवाज करणारा स्टो शहरांतल्या चाळींपासून तालुक्याच्या गावापर्यंत दोन पिढ्यांनी वापरला. काकडा पेटवून बर्नर तापवणे, ज्योत पिवळी पडली की पिन मारणे, पंपाचे चामडे सुकले की त्याला तेलाचे बोट लावणे, ही सगळी कामे घरातल्या लहान मुलांनाही येत. गंमत म्हणजे ध्रुवावर निघालेल्या माणसांना नेमकी हीच कामे, हातमोजे घालून, उणे चाळीस अंशांत करावी लागत होती.

ध्रुवप्रदेशात प्रायमस पोहोचायला वेळ लागला नाही. नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना स्पिरिटची चूल घेऊन गेला होता. १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून तो आणि यालमार योहानसेन घसरगाड्यांवरून उत्तर ध्रुवाकडे निघाले तेव्हा त्यांच्याकडे प्रायमस होता. नान्सेनने त्याच्यासाठी भांडीही खास जुळवली: मधे स्वयंपाकाचे भांडे, त्याभोवती कड्यासारखे दुसरे भांडे आणि वर झाकणासारखे तिसरे. ज्योतीची जी ऊब एरवी हवेत विरून गेली असती, ती बाहेरच्या भांड्यांतला बर्फ वितळवायला लागे. आज हजारो रुपये मोजून घेतलेल्या आधुनिक भांड्यांच्या तळाशी उष्णता धरून ठेवणाऱ्या ज्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. नान्सेनने स्टोव्ह हलका करण्याऐवजी इंधनाचा अपव्यय थांबवला, आणि लांबच्या प्रवासात खरे वजन त्यानेच वाचते.

१८९७ मध्ये सालोमन ऑगस्ट आंद्रे दोन सोबत्यांसह फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे उडाला. तिघेही परतले नाहीत. १९३० मध्ये क्वित्या बेटावर त्यांचा शेवटचा तळ सापडला, त्या सामानात प्रायमसही होता. तिघे कशाने गेले यावर पुढे अनेक तर्क झाले. बंद तंबूत जळत्या स्टोव्हमुळे साचलेला कार्बन मोनॉक्साइड हा त्यातलाच एक. आंद्रेच्या बाबतीत तो सिद्ध झालेला नाही, पण धोका काल्पनिक नव्हता. १९३४ मध्ये अमेरिकेचा रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकातल्या एका झोपडीत एकटा हिवाळा काढत असताना याच विषारी वायूने मरता मरता वाचला. स्वस्त असो वा महाग, स्टोव्ह तंबूत पेटवताना दाराची चेन थोडी उघडी ठेवायची, ही शिस्त अशा अनुभवांतून आली.

इंधनाचे महत्त्व सर्वांत कठोरपणे शिकवले ते १९१२ च्या उन्हाळ्याने. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा, म्हणून तो फेब्रुवारी-मार्चचा. रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतत होते. वाटेत आधीच पुरून ठेवलेल्या साठ्यांजवळ ते पोहोचत, तेव्हा रॉकेलचे डबे हिशेबापेक्षा रिते निघत. डब्यांच्या बुचांना चामड्याचे वायसर होते. थंडीत ते आक्रसले आणि फटींतून रॉकेल झिरपून गेले. रॉकेल नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे डब्यात अन्न असूनही ते धड खाता येत नाही. शेवटचा तंबू पडला तो मोठ्या साठ्यापासून ११ मैलांवर. त्याच ध्रुवावर १४ डिसेंबर १९११ रोजी पोहोचलेल्या रोआल अमुंडसेनला रॉकेलची ही खोड आधीच्या सफरींतून ठाऊक होती. त्याने डब्यांना डाग देऊन ते पक्के बंद करून घेतले होते. स्कॉटच्या मृत्यूची कारणे अनेक होती: थंडीची लाट, कुपोषण, हिमदंश. पण त्या यादीत चार आण्यांच्या वायसरला जागा द्यावीच लागते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायाच्या खिशात घट्ट इंधनाची छोटी डबी असे, ‘टॉमी कुकर’ म्हणून ओळखली जाणारी. हलकी, स्वस्त आणि इतकी मंद की चहाचे पाणी तापेपर्यंत माणूस कंटाळून जाई. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैनिकांनी याहून सोपी युक्ती काढली. पेट्रोलचा पातळ पत्र्याचा डबा अर्धा कापायचा, बाजूला भोके पाडायची, आत वाळू भरायची आणि तीवर पेट्रोल ओतून काडी लावायची. ‘बेंगाझी बर्नर’ या नावाने ही चूल प्रसिद्ध झाली. तिला दमडीही पडत नव्हती, पण पेट्रोल मात्र ती पाण्यासारखे पिई. मोटारींच्या तांड्याबरोबर फिरणाऱ्या फौजेला ते चालून गेले. पायी चालणाऱ्याला चालले नसते.

जर्मनीत एरिख शुम याने १९३६ मध्ये ‘एस्बिट’ बाजारात आणले. हेक्सामीन या पांढऱ्या रसायनाच्या वड्या आणि त्या ठेवायला खिशात मावणारी घडीची पत्र्याची चूल. यात सांडायला काही नाही, बिघडायला काही नाही, पंप नाही, पिन नाही. साधारण १४ ग्रॅमची एक वडी अर्धा लिटर पाणी तापवते. भांड्याच्या बुडाला चिकट काळा थर बसतो आणि वास माशासारखा येतो, तरी आजही तातडीच्या वेळेसाठी सॅकच्या तळाशी ठेवायला याहून भरवशाचे काही न्यावे असे फारसे कोणाला वाटत नाही.

अमेरिकन सैन्याची मागणी वेगळी होती. १९४२ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहरातील कोलमन कंपनीला एक छोटा स्टोव्ह बनवायला सांगण्यात आले: वजन साडेतीन पौंडांच्या आत, कोणत्याही इंधनावर चालणारा, उणे ६० ते अधिक १२५ अंश फॅरेनहाइट तापमानात काम देणारा. मुदत सुमारे दोन महिन्यांची. कंपनीने तो बनवला आणि युद्धकाळात असे दहा लाखांवर स्टोव्ह तयार झाले. युद्धवार्ताहर अर्नी पाइल याने शस्त्रेतर सामानात या स्टोव्हला जीपच्या जोडीला बसवले. युद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेले सामान मातीमोल भावाने विकले गेले. तंबू, सॅक, भांडी आणि असे स्टोव्ह सामान्य पगारदार माणसाच्या आवाक्यात आले. हरणांच्या मोसमात चार दिवस रानात जाणारा कारखान्यातला कामगार आणि डोंगर चढणारा विद्यार्थी एकाच दुकानात, एकाच ढिगातून सामान निवडू लागले. हौशी भटकंती स्वस्त होण्यात या उरल्यासुरल्या सामानाचा वाटा मोठा आहे.

मग माणसे वाढली आणि लाकूड कमी पडू लागले. साठच्या दशकात अमेरिकेत पाठीवर सॅक टाकून भटकण्याची लाट आली. कॉलिन फ्लेचरचे ‘द कम्प्लीट वॉकर’ हे जाडजूड मार्गदर्शक १९६८ चे. डोंगरातल्या तळ्यांकाठच्या मुक्कामांवर वाळक्या फांद्या तर सोडाच, जिवंत झाडांच्या फांद्याही तुटू लागल्या. उंचावर एक झाड वाढायला शतक लागते. हळूहळू उंच भागांत शेकोटीवर बंदी आली. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आज ९,६०० फुटांच्या वर शेकोटी पेटवता येत नाही. स्टोव्ह ही आता सोय राहिली नाही, तो नियमाचा भाग झाला.

या काळाचा लाडका स्टोव्ह स्वीडनचाच होता. १९५५ मध्ये आलेला ‘स्वेआ १२३’ पितळी, मुठीत मावणारा, पेट्रोलवर चालणारा आणि वजनाला सुमारे अर्धा किलो. याला पंप नव्हता. टाकीच्या माथ्यावरच्या खळग्यात थोडे पेट्रोल जाळले की टाकी तापून दाब आपोआप तयार होई. हलणारे भाग कमी, म्हणून बिघाड कमी. काही घरांत तो बापाकडून मुलाकडे गेला. त्याच देशात, यामटलंड प्रांतातल्या ट्रॉन्ग्सव्हीकेन गावच्या ‘ट्रांगिया’ कंपनीने १९५१ मध्ये वाऱ्याला न जुमानणारा स्पिरिटचा संच काढला होता. तो मंद असला तरी इतका निरुपद्रवी की शाळकरी मुलांच्या सहलींना बेलाशक देता येई.

सिॲटलचा अभियंता आणि गिर्यारोहक लॅरी पेनबर्थी याने मात्र प्यूचाच धागा उचलला. उंचीवर माणसे पाणी कमी पितात म्हणून आजारी पडतात आणि स्टोव्ह कुचकामी असतात म्हणून पाणी कमी पितात, असे त्याचे म्हणणे होते. ‘माउंटन सेफ्टी रिसर्च’ या त्याच्या संस्थेने १९७३ मध्ये जो स्टोव्ह आणला, त्यात इंधनाची टाकी बर्नरखालून काढून टाकली होती. इंधनाची बाटली हीच टाकी; तिला पंप बसवायचा आणि लांब नळीने बर्नर जोडायचा. बर्नरभोवती वारा अडवणारा पत्रा निर्धास्तपणे गुंडाळता येऊ लागला, कारण टाकी दूर होती. पुढच्या चाळीस वर्षांतले बहुतेक द्रवइंधनी स्टोव्ह याच रचनेवर उभे आहेत. रॉकेल, पेट्रोल, जे मिळेल ते जाळणारे त्यांतले प्रकार हिमालयात विशेष उपयोगी ठरले, कारण विमानातून इंधन नेता येत नाही आणि डोंगरातल्या बाजारपेठेत हमखास मिळे ते रॉकेल.

दरम्यान फ्रान्समध्ये १९४९ मध्ये ‘कॅम्पिंग गॅझ’ सुरू झाली आणि तिच्या निळ्या डब्यांनी युरोपातल्या सहली काबीज केल्या. गॅसला तापवणे नको, पंप नको. कळ फिरवली, काडी लावली की झाले. सुरुवातीच्या डब्यांना स्टोव्ह भोक पाडूनच बसे आणि गॅस संपेपर्यंत तो काढता येत नसे. पुढे आट्यांचे, स्वतः बंद होणारे डबे आले आणि त्यांच्यावर बसणारे बर्नर लहान लहान होत गेले. आज टायटॅनियमचा एक चिनी बर्नर अवघ्या २५ ग्रॅमचा आहे आणि स्वस्तात मिळतो. स्वस्त आणि हलका, दोन्ही कसोट्यांवर त्याला तोड नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

शिकाऱ्यांचा अनुभव वेगळे सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या सफरी इतिहासजमा होत गेल्या; पण अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत एल्क आणि इतर हरणांची परवानाबद्ध शिकार आजही हजारो कुटुंबांच्या वर्षाच्या अन्नाशी जोडलेली आहे. मोठ्या एल्कचे हाडे काढलेले मांसच शंभर किलोच्या घरात जाते आणि ते पाठीवरून, खेपा करून खाली आणायचे असते. साहजिकच शिकारी प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवतो. पण त्याचा मोसम शरद ऋतूचा, पहाट गोठलेली. साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली तो डब्यात द्रवरूपच राहतो आणि ज्योत मरते. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. म्हणून चांगल्या डब्यांत प्रोपेन मिसळतात. पण जळताना प्रोपेन आधी संपतो आणि तळाशी राहतो तो थंडीला भिणारा गॅस. डबा रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपणे हा यावरचा जुना उपाय. काही जण शुद्ध प्रोपेनचा जाड हिरवा डबा नेतात; तो कडाक्याच्या थंडीतही पेटतो, पण भरलेला डबा जवळपास किलोभर भरतो. २५ ग्रॅमच्या बर्नरने वाचवलेले वजन एका डब्यातच परत येते.

सर्वांत स्वस्त स्टोव्हची गोष्ट मात्र कोणत्याच कंपनीची नाही. शीतपेयाच्या दोन ॲल्युमिनियम डब्यांचे बूड कापायचे, एक दुसऱ्यात बसवायचा, कडेला टाचणीने भोकांची रांग पाडायची. मध्ये स्पिरिट ओतून पेटवले की भिंतीतली वाफ त्या भोकांतून ज्योतींचे फूल होऊन बाहेर येते. दुहेरी भिंत आणि छिद्रांचे कडे ही मूळ रचना न्यूयॉर्कच्या जे. हाइनरिक्स या तांबटाने १९०४ मध्येच पेटंट केली होती. नव्वदच्या दशकात ॲपलाशियन ट्रेलसारख्या लांब वाटांवर चालणाऱ्यांनी तिला नवे आयुष्य दिले. वजन वीस-तीस ग्रॅमच्या आत, खर्च शून्य. इंधनही वाटेवरच्या पेट्रोलपंपांवर मिळे: मोटारीच्या टाकीतले पाणी गोठू नये म्हणून विकले जाणारे मेथॅनॉल, पिवळ्या बाटलीतले.

इथे गणित पुन्हा इंधनापाशी येते. स्पिरिटमध्ये वजनामागे रॉकेल किंवा गॅसच्या जेमतेम अर्धी ते साठ टक्के उष्णता असते. अर्धा लिटर पाणी उकळायला गॅस सात-आठ ग्रॅम लागतो, स्पिरिट बारा-पंधरा. दोन दिवसांच्या सफरीत गॅसचा सर्वांत लहान डबा नेला तरी रिकाम्या पत्र्याचेच वजन शंभर ग्रॅमच्या जवळ. तिथे डब्याचा स्टोव्ह सरळ जिंकतो. आठवडाभर चालायचे असेल, दोघांचे जेवण असेल, बर्फ वितळवायचा असेल, तर तोच स्टोव्ह सर्वांत जड ठरतो. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, त्यामुळे पेटलेल्या स्टोव्हमध्ये पुन्हा स्पिरिट ओतून भाजून घेतलेलेही अनेक.

आणि त्याला बंद करायची कळ नाही. पश्चिम अमेरिकेतल्या जंगलांत उन्हाळ्याच्या अखेरीस वणव्याच्या भीतीने टप्प्याटप्प्याने निर्बंध लागतात, तेव्हा राष्ट्रीय वनांत साधारणपणे परवानगी राहते ती गॅसच्या किंवा द्रवइंधनाच्या, कळीने बंद होणाऱ्या स्टोव्हला. स्पिरिटचा डबा, एस्बिटची वडी, काटक्यांची चूल, सगळे घरी ठेवावे लागते. कॅलिफोर्नियात राष्ट्रीय वनात साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायलाही परवाना लागतो; तो विनामूल्य मिळतो. धनुष्यबाणाने एल्कच्या शिकारीचा मोसम याच कोरड्या दिवसांत, ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये सुरू होतो. म्हणून घरी बनवलेला वीस ग्रॅमचा स्टोव्ह कपाटात ठेवून अनेक शिकारी त्या महिन्यात आट्यांचा बर्नर आणि प्रोपेन मिसळलेला डबा घेऊन निघतात, आणि निघण्यापूर्वी जिल्ह्याच्या वनकचेरीला फोन करून निर्बंधाचा कितवा टप्पा चालू आहे ते विचारून घेतात.